नायकाचा शेवट आधीच ठाऊक असताना 'बडी' पाहण्यात काय हशील?

आपण विचारले आहे की, ब्रिटनमध्ये आपल्या शहरात १९५०च्या दशकातला अमेरिकन रॉक अँड रोल गायक बडी हॉली याच्यावरच्या 'बडी : द बडी हॉली स्टोरी' या म्युझिकलचा दौरा येत आहे, रॉक अँड रोलशी आपली फारशी ओळख नाही, आणि नायक बाविसाव्या वर्षी विमान अपघातात गेला हे जगाला माहीत असताना त्यात नाट्य ते काय उरते. १९९८ साली नोकरीनिमित्त लंडनमध्ये असताना ऑल्डविचच्या स्ट्रँड थिएटरमध्ये (आजचे नोव्हेलो थिएटर) मी हा प्रयोग दोनदा पाहिला. दुसऱ्या खेपेला तर शेवटचा क्षणन् क्षण मला पाठ होता, आणि तरीही त्या क्षणी माझा श्वास अडकला. त्यामुळे माझे उत्तर निःसंकोच 'जरूर पाहा' असेच आहे, आणि त्याचे कारण मला या नाटकाच्या बांधणीत दिसते.

आपल्याकडच्या संगीत नाटकात पात्राचे मन भरून आले की पद येते. 'बडी'मध्ये गाणे हे पात्रांचे काम आहे. कोणी रेडिओ केंद्रात गातो, कोणी स्टुडिओत चाल बसवतो, कोणी रंगमंचावर कार्यक्रम करतो, आणि ही सारी वाद्ये नट स्वतः, आपल्या डोळ्यांदेखत वाजवतात. बडीची भूमिका करणाऱ्याला दिसण्यापेक्षा गिटारवर हुकमत असावी लागते, कारण तो एखाद्या सुराला चुकला तर सावरून घ्यायला रंगमंचापुढच्या खड्ड्यात वाद्यवृंद बसलेला नसतो. ॲलन जेन्स यांनी लिहिलेले हे नाटक ऑक्टोबर १९८९ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेसमध्ये सुरू झाले १९९५ मध्ये स्ट्रँडमध्ये हलले आणि २००२ पर्यंत लंडनमध्ये त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मात्र ते जेमतेम सव्वादोनशे प्रयोग टिकले.

कथा टेक्सासमधल्या लबक या बडीच्या गावची. केडीएव्ही या स्थानिक रेडिओ केंद्राचा निवेदक हिपॉकेट्स डंकन आपल्याला तिथे घेऊन जातो. १९५६ साली डेका या रेकॉर्ड कंपनीने बडीला नॅशव्हिलला बोलावले, करारात 'हॉली'च्या स्पेलिंगमधले 'ई' हे अक्षर गाळले (तेच स्पेलिंग पुढे कायम झाले), त्याने कंट्री (अमेरिकन ग्रामीण संगीत) पद्धतीने गावे म्हणून दबाव आणला आणि शेवटी त्याला रिकाम्या हाती घरी पाठवले. मग शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या क्लोव्हिस या लहानशा गावी ध्वनिमुद्रण-निर्माते नॉर्मन पेटी यांच्या स्टुडिओत, फेब्रुवारी १९५७ मध्ये, 'दॅट'ल बी द डे' मुद्रित झाले आणि सप्टेंबरमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

नाटकाचा प्राण मला या क्लोव्हिसच्या प्रवेशांत दिसतो. 'एव्हरीडे' या गाण्याला ड्रमचा आवाज जड होतो म्हणून बडीचा ड्रमवादक जेरी ॲलिसन काठ्या बाजूला ठेवतो आणि आपल्याच गुडघ्यांवर तळहातांनी ताल धरतो. पेटींची पत्नी व्हाय सेलेस्टावर बसते, म्हणजे दिसायला छोट्या पियानोसारखे पण घुंगरांसारखा बारीक नाद देणारे वाद्य वाजवते, आणि मधोमध बडी अगदी हळू आवाजात गाऊ लागतो. मूळ ध्वनिमुद्रणही असेच झाले होते. तेवढ्या मोठ्या प्रेक्षागृहात गुडघ्यांवरची ती टपटप शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होती आणि कोणी खोकतही नव्हते. सोळा ते वीस वर्षांची मुले आधी कोणी न केलेली गोष्ट करून पाहत आहेत, ती जमेल की नाही हे त्यांनाही ठाऊक नाही, आणि आपण त्या अनिश्चिततेचे साक्षीदार आहोत. शेवट माहीत असल्याने या उत्कंठेला काडीचाही धक्का लागत नाही.

इतिहास म्हणून काही ठिकाणी सावध राहावे. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांच्या अपोलो थिएटरमध्ये हे गोरे तरुण एकाच रात्री मने जिंकतात असे नाटक दाखवते; प्रत्यक्षात ऑगस्ट १९५७ मधले ते प्रयोग आठवडाभराचे होते आणि सुरुवातीचा प्रतिसाद थंडच होता. पेटी यांच्याशी झालेला पैशांचा तिढाही फार झटपट उरकला आहे, आणि ही मला खरी उणीव वाटते. गाण्यांवर सहलेखक म्हणून पेटींचे नाव लागत होते, मानधनाचे पैसे त्यांच्याकडे अडकले होते, बडीचे नुकतेच मारिया एलेनाशी लग्न झाले होते आणि न्यूयॉर्कमध्ये घर चालवायचे होते. ज्या दौऱ्यात अपघात झाला त्या भर हिवाळ्यातल्या दौऱ्यावर तो का गेला, याचे उत्तर या व्यवहारात आहे.

दुसऱ्या अंकाचा मोठा भाग म्हणजे २ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवातल्या क्लिअर लेक येथील सर्फ बॉलरूममध्ये झालेला कार्यक्रम. इथे नाटक प्रेक्षकांनाच त्या रात्रीचे श्रोते करून टाकते. दौऱ्यातला दुसरा गायक बिग बॉपर आपल्याशी बोलतो, ओरडायला लावतो. सतरा वर्षांचा रिची व्हॅलेन्स 'ला बाम्बा' गातो. मग बडी येतो आणि आपण टाळ्यांवर ठेका धरून उभे असतो. दौऱ्याच्या बसमधली उब देणारी यंत्रणा बंद पडली होती, ड्रम वाजवणाऱ्याचे पाय थंडीने गोठून तो इस्पितळात पडला होता, आणि म्हणून या तिघांनी पुढच्या गावी छोट्या विमानाने जायचे ठरवले होते, हे सारे ठाऊक असूनही हात टाळ्या वाजवतच राहतात. तेवढ्यात अचानक दिवे जातात, प्रकाशझोत फक्त गिटारवर उरतो आणि अपघाताची बातमी सांगितली जाते. लगेच कार्यक्रम पुन्हा पूर्ण जोशात सुरू होतो. पहिल्यांदा मला हे घाईचे वाटले होते. दुसऱ्यांदा ते मनापासून पटले, कारण ती गाणी खरोखरच थांबली नाहीत.

तिकीट काढताना मधल्या रांगा निवडा, म्हणजे वादकांचे हात नीट दिसतील. आणि जाण्याआधी एकदा 'एव्हरीडे'चे मूळ ध्वनिमुद्रण शांतपणे, हेडफोन लावून ऐका. त्यातली ती टपटप म्हणजे ॲलिसनचे गुडघे आहेत.