जुना बेल्ट फेकण्याआधी नीट बघा

या वेळचे प्रश्न सीव्हीटी (इंजिन आणि चाकं यांच्या वेगाचं गुणोत्तर बेल्टने आपोआप बदलणारी यंत्रणा) असलेल्या एटीव्ही (हँडलने चालवायच्या चारचाकी रानगाड्या) आणि साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसून स्टिअरिंगने चालवायच्या) गाड्यांचे आहेत. उत्तरं समजायला एवढं डोळ्यांसमोर ठेवा. इंजिनच्या क्रँकशाफ्टवर बसलेला क्लच, म्हणजे दोन तबकड्यांची पुली, तो प्रायमरी, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा तो सेकंडरी आणि या दोघांना जोडणारा व्ही आकाराचा रबरी बेल्ट. इंजिनचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) वाढले की प्रायमरीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि बेल्टला चिमटीत पकडतात. वेग वाढतो तसा बेल्ट प्रायमरीत वर चढतो आणि सेकंडरीत आत उतरतो.

प्रश्न : वर्षभरात तीन बेल्ट गेले. नवा टाकला की काही दिवस बरे जातात, मग एखाद्या चढावर जळका वास येतो आणि बेल्ट संपतो. बेल्टच हलक्या दर्जाचे मिळताहेत का?

तीनही बेल्ट खराब निघाले असं होऊ शकतं, पण मला ते पटत नाही. तुटलेले बेल्ट ठेवले असतील तर उजेडात धरून बघा. बेल्ट कशामुळे गेला हे त्याच्यावरच उमटलेलं असतं, आणि ते न बघता नवा टाकणं म्हणजे चौथ्याची तयारी.

एकाच जागी दोन्ही कडा आत खाल्लेल्या, तेवढाच भाग डमरूच्या कमरेसारखा बारीक? मग गाडी कुठेतरी अडकलेली असताना थ्रॉटल दाबून धरला गेलाय. चाकं हलत नाहीत, म्हणून सेकंडरी आणि बेल्ट जागच्या जागी उभे, आणि प्रायमरी मात्र बेल्टच्या त्याच तुकड्यावर घासत फिरतेय. जळायला काही सेकंद पुरतात. ब्रेक दाबून ठेवून रेस दिली तरी हेच होतं.

दोन्ही कडा सगळीकडे सारख्या चकचकीत आणि कडक झाल्या असतील तर बेल्ट बराच काळ थोडा थोडा घसरत होता. तुम्ही चढाचा उल्लेख केलाय, म्हणून माझा पहिला संशय हाय गिअरवर आहे. सावकाश चढताना, ओझं ओढताना, दगडांवरून जाताना लो गिअर टाका. ताशी 25 किलोमीटरच्या खालचं जड काम लोमध्येच करायचं, असा नियम स्वतःला घालून घ्या. लो गिअरमुळे होणारी वेगाची कपात बेल्टच्या पुढे, गिअरबॉक्समध्ये होते. त्यामुळे चाकांना तेवढाच जोर मिळतो, पण बेल्टवरचा ताण कमी होतो. पुष्कळ जण लो फक्त चिखलात अडकल्यावर वापरतात. खरं तर अडकण्याच्या बरंच आधी तो टाकायला हवा.

आतले दाते उखडले असतील तर झटका बसलाय : उडी मारताना हवेत थ्रॉटल तसाच दाबलेला, आणि चाकं जमिनीला लागताच सगळा भार एकदम बेल्टवर. एकाच कडेचे, रबराच्या आत असलेले दोरे सुटले असतील तर दोन्ही क्लच एका रेषेत आहेत का ते तपासा, आणि तबकडीवर कुठे ओरखडा किंवा टोचणारी कड आहे का हे बोट फिरवून बघा.

आणखी एक जागा हमखास विसरली जाते, ती म्हणजे क्लचच्या कव्हरमध्ये हवा नेणारी नळी. तिच्या तोंडाशी चिखल, गवत किंवा धुळीने भरलेला फिल्टर असेल तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. मग चालवणारा कितीही सांभाळून चालवो, बेल्ट शिजतो.

प्रश्न : ओढा ओलांडल्यावर इंजिन गरगरतं, गाडी मात्र पुढे जात नाही. काय करावं?

कव्हरमध्ये पाणी शिरलंय आणि ओला बेल्ट घसरतोय. रेस वाढवून गाडी रेटू नका. गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, कव्हरच्या तळाशी ड्रेन प्लग असेल तर तो काढून पाणी जाऊ द्या आणि इंजिनचे आरपीएम थोडे वाढवत-कमी करत राहा. फिरत्या पुल्यांच्या वाऱ्याने बेल्ट सुकतो. मग प्लग लावून लोमध्ये हळू निघा, आणि पकड आली नसेल तर पुन्हा तेच करा.

दर वेळी पाणी शिरत असेल तर कव्हरची सील आणि नळ्यांचे क्लॅम्प बघा. पाण्याबरोबर बारीक गाळही आत जातो आणि सुकल्यावर पॉलिश पेपरसारखं काम करतो. म्हणून घरी आल्यावर कव्हर उघडून आतून धुवाच.

प्रश्न : नवा बेल्ट टाकल्यापासून गाडी आयडलवरच, म्हणजे थ्रॉटल न देताच, पुढे सरकते. गिअर टाकताना खरखर होते, लिव्हरही अडतो.

बेल्ट जास्त ताणलेला आहे. आयडलवर प्रायमरीने त्याला पकडायलाच नको, पण तो घट्ट असल्याने चिकटून फिरतो आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबत नाही. ताण सेकंडरीवर बदलतात. काही गाड्यांत त्यासाठी स्क्रू असतो, काहींत वॉशर. आधी बेल्टचा पार्ट नंबर पुन्हा पडताळा, कारण रुंदीत जरासा फरक असला तरी हे होतं. आयडलचे आरपीएम चढलेले नाहीत ना, तेही बघा.

मात्र तुमच्या गाडीत इंजिन आणि बेल्ट यांच्यामध्ये तेलातला सेंट्रिफ्यूगल क्लच असेल तर हे उत्तर लागू नाही. त्या रचनेत बेल्ट कायम ताणलेलाच असतो, आणि दोष त्या ओल्या क्लचमध्ये शोधावा लागतो.

प्रश्न : मोठे टायर बसवले. आता पूर्ण थ्रॉटलला आधीपेक्षा पाचशे आरपीएम कमी येतात आणि गाडी सुस्त वाटते. क्लच किट (बदली वजनं आणि स्प्रिंगांचा संच) घ्यावं का?

लगेच नको. आधी दोन्ही क्लच साफ करा, रोलर आणि बुश झिजलेत का बघा, बेल्टची रुंदी मोजा. झिजलेल्या क्लचवर किट बसवलं तर दोष झाकला जातो, जात नाही.

सगळं ठीक असेल तर हिशोब असा. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम तिथेच स्थिरावायला हवेत जिथे इंजिनची ताकद सर्वाधिक असते. त्याच्या खाली राहिले तर प्रायमरीतली वजनं जड पडताहेत, म्हणून हलकी टाकायची. वर गेले तर उलट. प्रायमरीची स्प्रिंग मुख्यतः किती आरपीएमला बेल्ट पकडला जाऊन गाडी निघेल हे ठरवते. चढावर भार आल्यावर गाडी पटकन खालच्या गुणोत्तरात येते की नाही, हे सेकंडरीची स्प्रिंग आणि हेलिक्स (सेकंडरीतला तिरक्या उताराचा भाग) ठरवतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच चढावर पुन्हा चालवून बघा.

उंच डोंगरात चालवत असाल तर टर्बो नसलेलं इंजिन दर 300 मीटरला साधारण 3 टक्के ताकद गमावतं. तिथेही वजनं हलकीच लागतात.

प्रश्न : बेल्ट तुटल्यावर नवा टाकण्याआधी साफसफाई कशी करावी?

तुटलेल्या बेल्टचा एक-एक दोरा शोधून काढा. ते क्लचच्या मागे शाफ्टला गुंडाळले जातात आणि सील फाडतात. हवेच्या नळ्यांतही तुकडे अडकतात. पुलीच्या तबकड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चिकटलेलं रबर घासणीने हलक्या हाताने काढा. तेल, ग्रीस किंवा गंज सोडवणारा स्प्रे यांचा थेंबही तिथे नको. नवा बेल्ट कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण सुकवा, आणि त्यावरची अक्षरं किंवा बाण गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दिशेनेच ठेवा.

कव्हर काढून इंजिन चालू करू नका. तुटलेला बेल्ट बाहेर उडाला तर जीवावर बेतू शकतं. प्रायमरीचं झाकणही घरी, योग्य अवजाराशिवाय खोलू नका, आत दाबलेली स्प्रिंग असते.

पहिले 50 किलोमीटर वेग बदलत, पूर्ण थ्रॉटल न देता, ओझं न ओढता चालवा. सोबत न्यायचा जादा बेल्टही असाच आधी रुळवून घ्या, काढताना त्यावर दिशेची खूण करा आणि मग पिशवीत ठेवा. रानात बदलावा लागला तर रुळवायला तिथे सवड नसते.