ते पोस्टर तू का बदललंस?

प्रिय ताई,

मी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या फिल्म सोसायटीची सचिव आहे. कमिटीत नऊ जण आहेत, पण काम मी एकटी करते. हॉलचं बुकिंग, परवानगीची पत्रं, सबटायटल्स तपासणं, प्रोजेक्टर, खुर्च्या, शेवटी कुलूप लावणं, सगळं माझ्याच गळ्यात. ग्रुपवर ‘उद्या कोण येतंय?’ विचारलं की चार अंगठे येतात, माणूस एकही येत नाही. खजिनदार बिलं दोन-दोन महिने दाबून ठेवतो, माझे स्वतःचे पैसे अडकलेत. अध्यक्ष फक्त माइकवर बोलायला उगवतो. मागच्या स्क्रीनिंगला अंगात ताप असताना गेले, कारण किल्ली माझ्याकडे होती. मध्ये पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं पोस्टर करून पाठवलं, ते काही ठीक नव्हतं, म्हणून रात्री दोनपर्यंत बसून मीच नवीन केलं. अभ्यास मागे पडलाय, घरचे चिडलेत. तरी दिवे बंद होऊन पडदा उजळला की अजूनही अंगावर शहारा येतो, म्हणून सोडवत नाही. पण साधं थँक्यूसुद्धा कुणी म्हणत नाही. राजीनामा देऊ का?

– दमलेली सचिव

प्रिय सचिव,

तुझं पत्र तीनदा वाचलं. खजिनदार, अध्यक्ष आणि ग्रुपवरचे अंगठेबहाद्दर यांच्यासाठी तू भरपूर शाई खर्च केलीस. त्या पहिल्या वर्षाच्या मुलीच्या वाट्याला एकच वाक्य आलं, तेही तुझ्या जागरणाचा पुरावा म्हणून. मला त्याच वाक्याबद्दल बोलायचंय.

तिचं पुढे काय झालं? तू लिहिलं नाहीस. तिला सांगितलंस का, की तुझं पोस्टर लावत नाहीये? माझा अंदाज आहे, नाही सांगितलंस. रात्री दोन वाजता कुणी कुणाला सांगतं? म्हणजे तिला ते भिंतीवर कळलं. पहिलं पोस्टर होतं बिचारीचं. बहुतेक ती मैत्रिणीला ओढत घेऊन आली असेल, ‘चल, दाखवते’ म्हणत. आणि भिंतीवर दुसरंच काहीतरी.

आता ‘ठीक नव्हतं’ म्हणजे काय ते बघू. तारीख चुकली होती? वेळ? हॉलचं नाव? तसं असतं तर तू नक्की लिहिलं असतंस. खुर्च्यांपासून कुलपापर्यंत सगळ्याची नोंद ठेवणारी मुलगी अशी चूक पत्रातून गाळत नाही. म्हणजे अक्षरं बारीक होती, किंवा रंग तुला भडक वाटला. तू रंगासाठी जागलीस, बाई. आणि ते जागरण आता उरलेल्या आठ जणांच्या नावावर मांडतेयस.

मी तुझी पाठ थोपटावी, असं तुला वाटत असणार. आज नाही थोपटणार.

मॅक्सिमिलियाँ रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच कृषी अभियंता होता. त्यानं माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला आणि १९१३ साली ते आकडे छापले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो, त्याच्या जेमतेम निम्मा जोर तो आठ जणांत उभा राहून लावतो, असं त्यात निघालं. बरीच वर्षं लोकांना वाटायचं, आठ जणांचा ताल जुळत नसेल, म्हणून होत असेल. मग १९७४ मध्ये अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, दोर हातात दिला आणि सांगितलं, तुमच्या मागेही माणसं ओढतायत. मागे कुणीही ओढत नव्हतं. ताल चुकायचा प्रश्नच नव्हता. तरी हात सैल पडले.

त्या पट्टीवाल्यांची निदान फसवणूक झाली होती. तुझ्या आठ जणांच्या मागे मात्र खरोखरच तू उभी आहेस, दोर कमरेला गुंडाळून. ते आळशी असतीलही, मी त्यांची वकिली करायला बसलेली नाही. पण त्यांनी पाहिलंय की हॉल बुक होतो, खुर्च्या लागतात, तापातसुद्धा कुलूप उघडतं. आणि ज्या एका मुलीनं हौसेनं दोराला हात घातला, तिचा हात तू काढून टाकलास. बाकीच्यांनी हेही पाहिलं असणार. ज्युनियरचं काम रात्रीत बदललं जातं ही बातमी स्क्रीनिंगच्या बातमीपेक्षा लवकर पसरते.

बाकीचं भरभर आटपते. खजिनदाराला बिलांची यादी लेखी दे, खाली तारीख घाल, आणि आधीचे पैसे हातात पडेपर्यंत खिशातला एक पैसाही पुढच्या कार्यक्रमाला लावू नकोस. किल्लीची आणखी एक प्रत करून घे. तापात जाण्यात कसलंही शौर्य नाही, ती व्यवस्थेतली चूक आहे. अध्यक्ष जगभर तसेच असतात. माइक आयता हातात द्यायला कुणी नसलं, की त्यांना स्विच सापडतो.

आणि राजीनामा? नको देऊस. त्यागाबिगाच्या कारणानं नाही म्हणत मी. आज सोडलंस तर किल्ली, पासवर्ड, परवानगीच्या पत्रांचे मसुदे, प्रोजेक्टरला कुठली केबल लागते ही माहिती, सगळं तुझ्याबरोबर जाईल आणि पुढचं स्क्रीनिंग कोसळेल. खरं सांग, मनाच्या एका कोपऱ्यात तुला तेच हवंय ना? ‘बघा, मी नव्हते तर काय झालं.’ मला ठाऊक आहे, कारण मीही एकेकाळी अशी स्वप्नं रंगवलीत, त्यात टाळ्यासुद्धा होत्या.

पण विद्यार्थ्यांच्या संस्थेचा हिशेब वेगळा असतो. तीन वर्षांचा अभ्यासक्रम असेल, तर दरवर्षी साधारण एक तृतीयांश माणसं निघून जातात, आणि त्यात सगळं येत असलेलीच असतात. ऑक्सफर्ड युनियन ही वादविवाद सभा १८२३ पासून चालू आहे आणि तिचा अध्यक्ष दर सत्राला बदलतो. तिथे काही संत जमत नाहीत, खुर्चीसाठी ओढाताणही भरपूर चालते. तरी ती टिकली, कारण आज कुणी कितीही हुशार असो, पुढच्या सत्रात दुसऱ्या कुणाला तरी ते जमावंच लागतं. आता तुझ्याकडे बघ. तुझे फार तर काही महिने उरलेत. त्या मुलीची अजून दोन वर्षं आहेत. एका रात्रीत भिंत देखणी करायला तू सोसायटीची दोन वर्षं खर्ची घातलीस.

मी वादविवाद मंडळात होते तेव्हाची गोष्ट सांगते. पहिल्याच महिन्यात मला फलकावर सूचना लिहायचं काम मिळालं. मी वार बरोबर लिहिला आणि तारीख चुकवली. आमच्या सचिवानं ते पाहिलं. खडू उचलून एक आकडा बदलायला त्याला किती वेळ लागला असता? पण तो मला शोधत कॅन्टीनपर्यंत आला आणि म्हणाला, ‘फलक जरा एकदा वाचून ये.’ इतकंच. मी गेले, वाचला, कान तापले, पुसला, पुन्हा लिहिला. तोवर निदान पन्नास जणांनी चुकीची तारीख वाचली असेल आणि एक जण खरोखरच चुकीच्या दिवशी येऊन बसला. त्यानंतर तीन वर्षं मी त्या मंडळाच्या सतरंज्या उचलल्या, पाहुण्यांच्या मागे धावले, बिलांसाठी भांडले. त्या मुलाचं आडनावही आता आठवत नाही. तो चिडला नव्हता, एवढं आठवतं.

म्हणून तुला एकच काम सांगते, आणि ते या आठवड्यात व्हायला हवं. त्या मुलीला भेट. मेसेज नको, प्रत्यक्ष भेट. ‘तुझं पोस्टर मी न विचारता बदललं, ते चुकलं’ एवढंच म्हण. पुढे ‘पण’ जोडू नकोस. वेळ कमी होता, प्रिंट लवकर द्यायची होती, असलं काहीही नको. मग पुढच्या स्क्रीनिंगचं पोस्टर तिला दे. तारीख, वेळ, जागा तिच्याकडून एकदा मोठ्यानं वाचून घे. तिथे चूक सापडली तर तिलाच दुरुस्त करू दे. बाकी रंग, अक्षरं, चित्र कुठे बसतं, त्यातलं काहीही तुझं नाही. तुझे ते बघून हात शिवशिवले तरी तसंच छापायला जाऊ दे. कोपऱ्यात बारीक अक्षरात तिचं नाव असू दे.

ती कदाचित ‘नको’ म्हणेल. म्हणू दे, तिला तो हक्क आहे. त्या दिवशी तू रात्री दोनपर्यंत जागून दुसरं पोस्टर करायचं नाहीस. तिसऱ्या कुणाला तरी विचारायचं, आणि त्याचंही तसंच लावायचं.

थँक्यूचं म्हणशील, तर ते दुखणं खरं आहे, मी हसत नाहीये. पण त्या मुलीला तू थँक्यू म्हणाली होतीस का? मी पुन्हा जाऊन बघितलं, पत्रात ते कुठे नाही.

आणि दिवे बंद झाल्यावर अंगावर जो शहारा येतो ना, त्यासाठीच आपण फुकट राबतो, त्याची लाज वाटून घेऊ नकोस. फक्त तो नऊ जणांत एकटीलाच येतोय, कारण स्विच दरवेळी तुझ्याच हाताखाली असतो. पुढच्या वेळी ती आली तर दिवे तिला बंद करू दे. तू मागच्या रांगेत जाऊन बस आणि सिनेमा बघ. सचिव झाल्यापासून एक तरी सलग पाहिलास का?

पोस्टर लागलं की मला फोटो पाठव. आणि तिनं आधी केलेली फाइल तुझ्याकडे अजून असेलच, तीही पाठव. किती ‘ठीक नव्हतं’ ते मला बघायचंय.

– ताई