पत्रा ठप्प झाला, तरी रस्ता घुमतोच
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी: गाडीत शिरणारा रस्त्याचा आवाज घरच्या घरी कमी करणं

प्रश्न: चारही दारांना आतून ब्युटाइलची शीट लावली, बोटभरही पत्रा उघडा ठेवला नाही. दार आता भारदस्त लागतं, पण ऐंशीच्या वेगाला घरघर होती तशीच आहे. आणखी एक थर लावू का?

नका लावू. शीटने तिचं काम केलंय. तुम्हाला हवं होतं ते काम तिचं नव्हे, एवढंच. खाली चिकट ब्युटाइल रबर आणि वर ॲल्युमिनियमची फॉइल अशी ही शीट आवाज अडवत नाही, पत्र्याची थरथर जिरवते. पत्रा कापतो तेव्हा फॉइल आणि पत्रा यांच्यामधलं रबर ओढलं जातं आणि कंपनाची ताकद त्यात किंचित उष्णता होऊन संपते. बोटाच्या पेराने वाजवून बघा. मोकळा पत्रा ‘ठण्ण’ करतो, शीट लावलेला ‘ठप्प’. ठप्प ऐकू आलं की तिथलं काम संपलं. सपाट भागाच्या पाव ते एक तृतीयांश जागेवर, मधोमध लावलेली शीट बहुतेक सगळा फायदा देते. त्यापुढची शीट मुख्यतः वजन वाढवते.

दुसरी गोष्ट बेरजेची. सारख्या ताकदीचे दोन आवाज असतील आणि त्यातला एक पूर्ण बंद केला, तरी एकूण पातळी 3 डेसिबलनेच उतरते. कानाला तेवढा फरक जेमतेम कळतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला सुमारे 10 डेसिबलची घट लागते. टायरचा आवाज मागच्या चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ आणि पायाखालचा पत्रा यांतून भरपूर येतो. मोठा झरा वाहता ठेवून छोटा बुजवला, तर पाणी तेवढंच दिसणार.

प्रश्न: हॅचबॅक आहे आणि दोन दिवस मोकळे आहेत. सुरुवात कुठून करू आणि काय किती आणू?

पहिला अर्धा दिवस काहीही उचकटू नका. आधी टायर. नक्षीवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं, तर घरघर टायरच्या वाकड्या झिजेची आहे. तिथे अलाइनमेंट आणि बहुधा नवे टायर हाच उपाय. हवा टायर थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच भरा. जास्त फुगवलेला टायर रस्त्याचा प्रत्येक खरखरीतपणा वर पोचवतो. हलकं वळण घेताना घरघर एका बाजूला वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते का, तेही ऐका. तसं होत असेल तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या आणि फोमच्या आधी ते तपासून घ्या.

मग रजईची परीक्षा. डिकी रिकामी करा, दोन जाड रजया तळावर आणि दोन्ही कमानींवर नीट दाबून बसवा आणि आधीच्याच रस्त्यावरून त्याच वेगाने पुन्हा जा. कानाला फरक कळला, तर डिकीतली मेहनत वाया जाणार नाही.

डिकी आणि मागच्या कमानी मिळून दोन चौरस मीटरच्या आसपास जागा धरा, पण कागदाचे साचे कापून आपल्या गाडीचं माप घ्याच. साहित्य असं: 2 मिलिमीटरची ब्युटाइल शीट पाऊण ते एक चौरस मीटर, 5-6 मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम दोन चौरस मीटर, आणि तेवढीच मास लोडेड व्हिनाइल, म्हणजे जड भुकटी घालून केलेली लवचिक चादर, चौरस मीटरला सुमारे 5 किलो वजनाची. आवाज खरा अडवते ती हीच. शिवाय प्लॅस्टिकची पट्टीवजा पाती, आठ-दहा जादा क्लिपा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, छोटा कडक रोलर आणि जाड हातमोजे. फॉइलची कड ब्लेडसारखी कापते, म्हणून हातमोजे टाळू नका.

पत्रा अल्कोहोलने पुसून कोरडा होऊ द्या. शीट लावल्यावर रोलर इतका दाबून फिरवा की फॉइलवरची उठावाची नक्षी सपाट होईल. नक्षी राहिली म्हणजे खाली हवा राहिली आणि तो तुकडा कधीतरी सुटणार. थंडीत शीट आधी हीट गनने जराशी कोमट करून घ्या.

त्यावर फोम, फोमवर व्हिनाइल. व्हिनाइल थेट पत्र्याला चिकटवणं ही नेहमीची चूक. मधल्या फोममुळे ती पत्र्यापासून सुटी राहते; चिकटली की पत्र्याबरोबर तीही हलते. दुसरी चूक फटींची. अडसराच्या क्षेत्रफळाचा 1 टक्का जरी उघडा राहिला, तरी तो 20 डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही, मग चादर कितीही जड घ्या. म्हणून तुकडे एकमेकांवर चार-पाच सेंटिमीटर चढवा आणि सांधे टेपने बंद करा. बोल्टसाठी मोठा चौकोन न कापता छोटी अधिक-चिन्हाची चीर द्या. स्टेपनीच्या खळग्यात ब्युटाइलचे चार तुकडे पुरतात. तिथे थर वाढवले तर स्टेपनी बसत नाही.

वेळ उरला तर चाकामागचं प्लॅस्टिकचं लायनर काढून, चिखल धुऊन, पूर्ण वाळवून बाहेरच्या पत्र्यालाही ब्युटाइल लावा. ब्रेकचे पाइप, एबीएसची वायर आणि पाणी वाहून जायच्या वाटा मोकळ्या ठेवा. पुढच्या चाकांपाशी हे करत असाल, तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना ते बघा.

प्रश्न: घराच्या छताला लावायची डांबरी पट्टी स्वस्त पडते आणि दिसतेही तशीच. चालेल?

दिसते तशीच, वागत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत डांबर मऊ पडतं, वास सुटतो आणि उभ्या पत्र्यावरून पट्टी ओघळते. दारात ती काचेच्या यंत्रणेवर पडली की मग खरा खर्च. सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात, डबीतला फुगणारा फोम मारायचा बेतही सोडून द्या. तो पाणी धरतो, निचऱ्याची भोकं बुजवतो आणि गंज आतून खात राहतो.

प्रश्न: दाराचं काम केल्यापासून पाऊस आला की पायाशी कार्पेट ओलं होतं. दाराचं रबर तर ठीक आहे.

दारामागची पातळ प्लॅस्टिकची चादर काढून टाकली असणार किंवा ती परत नीट चिकटवली नसणार. काचेच्या बाहेरच्या पट्टीखालून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते तळाच्या भोकांतून निघून जावं अशीच रचना असते. आतल्या बाजूला आलेले थेंब ती चादर पुन्हा दाराच्या पोकळीत वळवते. तिची खालची कड पोकळीच्या आत गेलेली हवी आणि चिकटवण बाजूंना अखंड हवं. फाटली असेल तर जाड प्लॅस्टिकची नवी कापा, ब्युटाइलच्या दोरीने चिकटवा. तळाची भोकं शीटने बुजली असतील तर ती आजच मोकळी करा. उघड्या छिद्रांचा स्पंजसारखा फोम आत घातला असेल तोही काढा, तो वाळतच नाही.

एक सूचना. काही गाड्यांच्या दारात एअरबॅगसाठी हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तो झाकायचा नाही, आणि कंपनीने दिलेलं दाराचं बंदिस्तपणही बदलायचं नाही.

प्रश्न: कार्पेटखाली काम करायला सीट काढल्या. आता एअरबॅगचा दिवा विझत नाही.

सीटखालचा, बहुधा पिवळ्या रंगाचा, कनेक्टर सुटा असताना इग्निशन चालू झालं असणार. कनेक्टर घट्ट बसवल्यावरही दिवा राहिला, तर नोंदलेला बिघाड स्कॅनरने पुसावा लागतो. योग्य क्रम असा: इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं थांबणं, मग कनेक्टर. सगळं परत जोडेपर्यंत बॅटरी जोडायची नाही. सीटचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा, अंदाजाने नाही. खांबांच्या आणि छताच्या आत पडदा-एअरबॅग असेल तर तिथे शीट, फोम काहीही भरू नका.

प्रश्न: सगळ्या फटी बुजवल्या. आता शेवटचं दार जोरात आपटावं लागतं आणि काचा धुरकटतात.

मागच्या बंपरआड, डिकीच्या बाजूला रबरी पापण्यांची जाळी असते. गाडीतली हवा तिथून बाहेर पडते. ती झाकली गेली आहे. उघडी करा. तिथून येणारा आवाज कमी करायचा असेल, तर जाळीपासून थोडं अंतर सोडून फोमचा आडोसा करा, हवेला वळसा घालून जाता आलं पाहिजे.

प्रश्न: नव्वदनंतर कानाशी शीळ ऐकू येते. तीही रजईने जाईल?

नाही, तो वारा आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तिथे रबर सैल आहे. असं दाराभोवती फिरत जा. मग बाहेरून आरशाचं बूड आणि दाराची पुढची फट, एका वेळी एकच, मास्किंग टेपने झाकून गाडी चालवा. शीळ थांबली ती जागा. जादा बीडिंग बारीकच घ्या. जाड घेतलं की दार बसत नाही.

प्रश्न: फोनवरच्या मीटरने कामानंतर फक्त 2 डेसिबल कमी दाखवले. फसलो का?

तेवढ्यावरून सांगता येत नाही. बहुतेक ॲप ‘ए’ वेटिंग, म्हणजे सुरांना कमी-जास्त महत्त्व देऊन मोजायची एक पद्धत, वापरतात. त्यात खालच्या सुरातली घरघर कमी मोजली जाते, आणि नेमकी तीच तुम्ही घटवली असेल. खालचे सुर जास्त धरणाऱ्या ‘सी’ वेटिंगवर पुन्हा मोजा. रस्त्याचा तोच तुकडा, तोच वेग, तोच गिअर, पंखा बंद, टायरमध्ये तेवढीच हवा, फोन एकाच जागी. तीन फेऱ्यांची सरासरी. रस्ता ओला असेल तर त्या दिवशी मोजूच नका.