‘सावित्री’ आली की प्रोग्राम कोसळतो

प्रश्न : ६४-बिट लिनक्सवर सी भाषेत सभासद-नोंदणीचा प्रोग्राम लिहिला आहे. आधी नावासाठी स्ट्रलेनइतका (नावाच्या बाइटांइतका) मॅलॉक, म्हणजे मेमरीची मागणी, मग नोंदीच्या छोट्या स्ट्रक्टसाठी (एकत्र बांधलेल्या माहितीसाठी) मॅलॉक, नंतर नाव त्याच्या जागेत उतरवायला स्ट्रकॉपी. चाचणीला ‘रमा’ दिलं तर चालतो. ‘सावित्री’ दिलं की नोंद फ्री करताना (तिची मेमरी परत देताना) ‘इनव्हॅलिड पॉइंटर’ म्हणून बंद पडतो. दोन मॅलॉकच्या मध्ये प्रिंटएफ (मजकूर छापणारी ओळ) टाकला की पुन्हा सुरळीत! फ्रीमध्ये काय चुकतंय?

उत्तर : फ्रीमध्ये काहीच नाही, तो फक्त बोंब मारतो. चूक नावाच्या मॅलॉकमध्ये आहे : मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट स्ट्रलेन मोजत नाही, त्याच्यासाठी ‘अधिक एक’ राहिलंय.

यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्तसुद्धा. ‘रमा’चे ९ बाइट, ‘सावित्री’चे बरोबर २४. ग्लिबसीचा (लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा) मॅलॉक ९ मागितले तरी वापरायला २४ देतो, म्हणून ‘रमा’ची चूक खपून जाते. ‘सावित्री’चं शून्य मात्र पंचविसाव्या बाइटवर, म्हणजे शेजारच्या तुकड्याचा (इथे स्ट्रक्टचा) आकार जिथे नोंदलेला असतो तिथे पडतं. तुकडा २५६ बाइटांहून लहान असेल तर आकारच शून्य होतो. ४० आणि ५६ बाइटांच्या नावांनाही हाच धोका. पहिला प्रिंटएफ स्वतःचा बफर (तात्पुरती साठवण) हीपवर, म्हणजे मॅलॉक देतो त्याच मेमरीत, घेतो. तो मध्ये आल्याने फटका त्याला बसतो, आणि त्याला कोणी फ्री करत नाही. प्रिंटएफने दुरुस्त झालेला बग दुरुस्त झालेला नसतो.

असा बग डोळ्यांनी शोधत बसू नका. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरमध्ये अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (हद्दीबाहेरचं लिखाण पकडणारी सोय) चालू करा, कंपाइल आणि लिंक दोन्ही वेळी, डीबग माहितीसह. वेग साधारण निम्मा होतो, पण ‘२५ बाइट लिहिले, जागा २४’ हे स्ट्रकॉपीच्या आणि मॅलॉकच्या ओळीसकट कळतं. पुन्हा कंपाइल करणं शक्य नसेल तर तयार प्रोग्राम तपासणारा व्हॅलग्रिंड. तो कितीतरी हळू, आणि स्टॅकवरच्या (फंक्शनच्या आत घेतलेल्या) अ‍ॅरेची हद्द ओलांडली तर बहुधा गप्पच. सॅनिटायझर आणि व्हॅलग्रिंड एकत्र चालवू नका.

एकाच स्ट्रक्टमधल्या एका फील्डमधून दुसऱ्यात सांडलेलं मात्र सॅनिटायझरलाही सहसा दिसत नाही. तिथे जीडीबी या डीबगरमध्ये बिघडणाऱ्या पत्त्यावर वॉचपॉइंट लावा, म्हणजे तिथे काही लिहिलं गेलं की प्रोग्राम थांबतो. एक्स८६ वर हार्डवेअरचे चारच मिळतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ८ बाइटांचे. क्रॅश कधीतरीच होत असेल तर आरआर या रेकॉर्ड करणाऱ्या डीबगरने एकदा रेकॉर्ड करा आणि वॉचपॉइंट लावून उलट दिशेने चालवा. शेवटचं लिखाण करणाऱ्या ओळीवर तो थांबतो.