रीमॅप केलेल्या पोलोला कोणता क्लच परवडेल?

आपले सविस्तर पत्र आणि सोबतची तिन्ही अंदाजपत्रके वाचली. आपल्याकडे २०२० च्या अखेरीस घेतलेली फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय मॅन्युअल असून ती ६२ हजार किलोमीटर चालली आहे. दीड वर्षापूर्वी तिचे रीमॅप केले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली (मॅप) बदलून ताकद वाढवली, आणि आता पसरणी घाटात चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम वाढतात, पण वेग वाढत नाही. कंपनीचा मूळ क्लच सेट २९ हजारांत, सुधारित ऑरगॅनिक (नेहमीच्या प्रकारच्या घर्षण-थराचा) सेट ५४ हजारांत आणि सिरॅमिक प्लेटसह हलके फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे, क्लच ज्यावर दाबला जातो ते जड चाक) ९६ हजारांत, असे तीन पर्याय आपल्यासमोर आहेत. ‘एकदाच काय ते चांगले बसवावे’ म्हणून तिसरा पर्याय क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घेण्याकडे आपला कल दिसतो. माझे मत आधीच सांगतो: तो पर्याय घेऊ नये, आणि हप्त्यांवर तर मुळीच घेऊ नये.

पैशांकडे वळण्यापूर्वी क्लच नेमका कशामुळे घसरतो आहे, हे पक्के करून घ्यावे. क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून गळती होत असेल तर तेल प्लेटवर येते आणि कितीही महागडा सेट बसवला तरी तोही घसरू लागतो. त्यामुळे गिअरबॉक्स उतरवल्यावर सील तपासून आपल्याला दाखवण्याची अट गॅरेजला आधीच घालावी. गळती नसेल, तर कारण बहुधा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, हेच आहे. ही गाडी कारखान्यातून ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर घेऊन बाहेर पडते. आपल्या ट्यूनरच्या, म्हणजे रीमॅप करून देणाऱ्याच्या, म्हणण्यानुसार आता टॉर्क २३० च्या आसपास आहे, म्हणजे मूळच्यापेक्षा सुमारे ३१ टक्के अधिक. कंपनी क्लचमध्ये काही राखीव क्षमता ठेवते. परंतु शहरातल्या रहदारीत झिजलेल्या प्लेटकडे ती फारशी उरत नाही.

क्लच किती टॉर्क पेलेल हे क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचे (प्लेटवरच्या थराचे) घर्षण, प्लेटची त्रिज्या आणि घर्षण होणाऱ्या बाजूंची संख्या यांवर ठरते. क्लचच्या त्याच मूळ जागेत बसणाऱ्या एका प्लेटची त्रिज्या वाढवता येत नाही आणि तिच्या बाजूही दोनच राहतात. म्हणून सुधारित क्लच विकणाऱ्याकडे दोनच उपाय उरतात. दाब वाढवला की पेडल जड होते. लायनिंग बदलून सिरॅमिकचे केले की क्लच हळूहळू न पकडता एकदम पकडतो आणि गाडी झटके देते. २३० न्यूटन-मीटरवर वीस टक्क्यांची राखीव क्षमता धरली तर गरज २७६ ची होते. आपला मधला सेट २९० पर्यंतचा आहे, तर महागडा ४०० चा. त्या वरच्या ११० न्यूटन-मीटरना आपल्या गाडीत काहीही काम नाही, पण त्यांची किंमत मात्र आपल्याला मोजावी लागणार आहे.

ती किंमत केवळ रुपयांची नाही. आपण रोज कोथरूडहून चांदणी चौकमार्गे हिंजवडीला जाता आणि शनिवारी हीच गाडी आपल्या पत्नी चालवतात. संध्याकाळी वाकडच्या उड्डाणपुलाखाली गाडी पहिल्या गिअरमध्ये दहा-दहा फूट सरकत असते, तेव्हा चालक बराच वेळ हाफ क्लचवर असतो. सिरॅमिक प्लेटला नेमके हेच मानवत नाही: गाडी थरथरते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर झिजतो. त्यात हलक्या फ्लायव्हीलमुळे गाडी उचलताना इंजिन बंद पडण्याची शक्यता वाढते. शर्यतीच्या ट्रॅकवर या गोष्टींचा उपयोग असेल. सर्व्हिस रोडवर नाही. आणखी एक मुद्दा अंदाजपत्रकात कधीच लिहिलेला नसतो. आपल्याकडे जुनी गाडी घेणारा माणूस चाचणीच्या फेरीत पेडल जड लागले की ‘क्लच गेला आहे’ असेच समजतो आणि तेवढी रक्कम किमतीतून कापून मागतो. त्याला आपण ९६ हजारांचे बिल दाखवले तरी तो रीमॅपबद्दलच अधिक प्रश्न विचारील.

आता उरलेल्या दोन पर्यायांचा हिशेब करू. आपण गाडी आणखी चार वर्षे ठेवणार आहात आणि वर्षाला सुमारे १२ हजार किलोमीटर चालवता. २९ हजारांचा मूळ सेट चार वर्षे टिकला तर महिन्याला साधारण ६०४ रुपये पडतात, पण २३० न्यूटन-मीटरवर तो दोन वर्षांतच संपला तर एकूण खर्च ५८ हजारांवर जातो आणि दोनदा गिअरबॉक्स उतरवण्याचा त्रास वेगळाच. ५४ हजारांचा सेट चार वर्षांसाठी महिन्याला ११२५ रुपये पडतो. म्हणजे रीमॅप आहे तसेच ठेवायचे असेल, तर मधला सेट किंचित स्वस्तच ठरतो. मात्र ट्यूनरला विचारून मधल्या आरपीएमवरचा टॉर्क २०० पर्यंत खाली आणून घेतला, तर वरच्या आरपीएमवरची शक्ती बरीचशी तशीच राहते आणि मूळ सेटनेही काम भागू शकते. मी आपल्या जागी असतो तर हा प्रश्न ट्यूनरला आधी विचारला असता. परंतु घाटातला जोर सोडायचा नाही असे आपण स्पष्टच लिहिले आहे, म्हणून पुढील सल्ला मधल्या सेटचा आहे.

त्या अंदाजपत्रकात ३२ हजारांच्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी लावलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा दर सरसकट १८ टक्के झाला आहे. कर ८९६० ऐवजी ५७६० रुपये व्हायला हवा आणि एकूण आकडा ५४,००० वरून ५०,८०० वर यायला हवा. दुकानदाराला हे लेखी विचारावे. तो आकडा खाली आणून मूळ किमतीतच भर घालतो की काय, याकडेही लक्ष ठेवावे.

कार्डाच्या हप्त्यांचे गणित असे आहे. ९६ हजार रुपये १५ टक्के दराने २४ महिन्यांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ४६५५ रुपये येतो आणि व्याज १५,७०० रुपयांच्या घरात जाते. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो. प्रक्रिया शुल्क सोडूनही हा क्लच आपल्याला सुमारे १ लाख १४ हजार ५०० रुपयांना पडेल. आपला पगार ८५ हजार, घरखर्च ५५ हजार आणि एसआयपी १२ हजार. म्हणजे महिन्याला १८ हजार रुपये शिल्लक राहतात. तीन महिन्यांत ५४ हजार जमतात आणि मधल्या सेटला तेवढे पुरेसे आहेत. तोपर्यंत ट्यूनरकडून गाडीत कंपनीचा मूळ मॅप परत घालून घ्यावा. टॉर्क १७५ वर आला की घसरणे बहुधा थांबेल आणि प्लेटमध्ये जीव असेल तर ती तीन महिने सहज काढील. मूळ मॅपवरही घसरत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र वाट पाहू नये, कारण उष्णतेने फ्लायव्हील खराब झाले तर खर्च वाढेल. अशा वेळी आपल्या दीड लाखाच्या मुदत ठेवीतून रक्कम काढावी आणि पुढील तीन महिन्यांच्या शिलकीतून ती ठेव पुन्हा पूर्ण करावी. ही ठेव जेमतेम पावणेतीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे, म्हणून ती पूर्ण होईपर्यंत गाडीवर दुसरा हौशी खर्च काढू नये. एसआयपी कोणत्याही परिस्थितीत थांबवू नये.

विम्यातून काही मिळेल का, असेही आपण विचारले आहे. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या वाहन विम्यात वगळलेले असतात, झिरो डेप्रिसिएशन (भागांचा घसारा न कापणारे जादा संरक्षण) घेतले असले तरीही. उलट, रीमॅपची माहिती विमा कंपनीला दिलेली नसेल तर मोठ्या अपघाताच्या दाव्यात वाद उद्भवू शकतो; नूतनीकरणापूर्वी ती लेखी कळवावी आणि त्यांचे उत्तर जपून ठेवावे.

काम करून घेताना रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) आणि मागचे ऑइल सील नवेच घालावे. गिअरबॉक्स उतरवण्याची सुमारे ११ हजारांची मजुरी आपण देणारच आहात, तेव्हा हजार-दोन हजारांचे भाग वाचवण्यात अर्थ नाही. बिलावर प्रत्येक भागाचा क्रमांक आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक असावा. नवी प्लेट नीट बसण्यासाठी पहिले सुमारे ८०० किलोमीटर मूळ मॅपवरच, शहरात आणि सौम्यपणे चालवावेत. रीमॅप त्यानंतर घालावे आणि पसरणीला त्याच्याही नंतर जावे.