वाचक विचारतात: फरशीतली चकली खरी की छापलेली?

प्रश्न: अलकापुरीत एका शोरूमच्या लॉबीत बदामी फरशी आहे, तिच्यात चकलीसारखे गोल गोल आकार दिसतात. आई म्हणाली हा तर शाळिग्राम, याच्यावर पाय कसा द्यायचा. भाऊ म्हणतो टाइलवरचं प्रिंट आहे. कोण बरोबर?
(एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर: आधी भावाचं बघू, त्याची शंका अगदीच फालतू नाही. हल्ली व्हिट्रिफाइड टाइलवर काय वाट्टेल ते छापतात, तेव्हा पुढच्या वेळी जाल तेव्हा खाली बघत एक चक्कर मारा (वॉचमन बघेल, बघू दे). तीच चकली, शेजारचा तोच ओरखडा, असं चार-सहा टाइलांनी परत परत आलं तर प्रिंट. पण प्रत्येक वेगळी असेल, कुठे अख्खी, कुठे अर्धी, कुठे आडवी कापली गेल्यामुळे नुसत्या समोरासमोर ठिपक्यांच्या जोड्या, तर दगड खरा आणि आई जिंकली.

असा दगड बरेचदा जर्मनीतल्या बव्हेरियातून येतो, बाजारात त्याला जुरा म्हणतात. मार्बल म्हणून विकतात पण आहे चुनखडक. खऱ्या संगमरवरात, म्हणजे आपल्या मकराण्यात वगैरे, उष्णता आणि दाबाने सगळे कण नव्याने जमलेले असतात, त्यात शंख-शिंपले शोधू नका. जुराचा चिखल साधारण 15 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साठला आणि त्यात अमोनाइट गाडले गेले. हा प्राणी माकूळ-ऑक्टोपसच्या नात्यातला, शंखात ओळीने खोल्या बांधत जायचा आणि स्वतः फक्त शेवटच्या खोलीत राहायचा, मागच्या खोल्यांतल्या हवेवर तरंगायचा. मेल्यावर त्या बंद खोल्यांत हळूहळू कॅल्साइटचे स्फटिक भरले म्हणून चकलीचा मधला भाग कधीकधी पांढरट चकचकीत दिसतो. जवळपास सिगारसारखा सरळ तपकिरी तुकडा दिसला तर तो बेलेम्नाइट, त्याचाच भाऊबंद.

आणि शाळिग्राम म्हणजेही अमोनाइटच, नेपाळात काली गंडकीच्या पात्रात काळ्या गोट्यांत सापडतो. म्हणजे आईने नातं बरोब्बर ओळखलं, पाय द्यायचा की नाही ते आता त्याच ठरवतील.

खरं तर यासाठी जर्मनी कशाला, आपल्या कच्छमध्ये त्याच ज्युरासिक काळातले अमोनाइट आहेत. वागेन नावाच्या जर्मन भूवैज्ञानिकाने 1873 ते 1875 मध्ये त्यांच्यावर मोठं काम छापलं, आणि आपल्या सयाजीराव युनिव्हर्सिटीच्या जिऑलॉजीवाल्यांनीही कच्छ वर्षानुवर्षं पालथा घातलाय. अमोनाइटच्या जाती भराभर बदलत गेल्या म्हणून कुठली जात सापडली त्यावरून थराचं वय लागतं. म्हणूनच म्युझियमच्या कपाटात जीवाश्माइतकीच किंमत त्याच्या सोबतच्या चिठ्ठीला, कुठल्या गावाजवळ, कुठल्या थरात मिळाला ते लिहिलेल्या. चिठ्ठी हरवली की उरतो पेपरवेट. तुमच्या लॉबीतल्या चकल्यांचं तेच झालंय, खाणीतला थर कोणीच लिहून ठेवलेला नाही.

प्रश्न: आमच्या वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं आहे आणि मागच्या अंगणात कोटा. कोट्यावर नेच्याची नाजूक पानं उमटलीत, जीवाश्म ना?
(रावपुऱ्यातून)

उत्तर: नाही हो, वाईट वाटून घेऊ नका, भले भले फसतात. दगडाच्या फटीत पाणी झिरपून मँगनीजचं ऑक्साइड असं फांद्या फांद्यांनी पसरतं, त्याला डेंड्राइट म्हणतात. शिवाय कोटा इतका जुना की तेव्हा नेचे काय, शिंपलेवाले प्राणीही नव्हते. जोत्याचा काळा दगड बहुतेक पावागडसारखाच लाव्हाचा, तापलेल्या रसात कोण टिकणार? शिंपले बघायचेच तर पोरबंदरी दगडाचा तुकडा मिळवा, ओला करा आणि भिंगाखाली धरा. त्यातले वाळूसारखे बरेचसे दाणे म्हणजे एकपेशीय जिवांची कवचं, समुद्राकाठच्या वाऱ्याने उडवून ढीग लावलेली.