संकटात ख्रिस्ती माणसाला धीर येतो कुठून?
घरात आजारपण असताना प्रार्थनेने नेमकं काय होतं, असं विचारलंय. आजार हमखास बरा होतो असं कोणी छातीठोक सांगत असेल, तर सावध राहा. ‘चिंता करू नका, आभार मानत देवाकडे मागा, बुद्धीपलीकडची शांती मिळेल’ असं येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलं (बायबल, फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचनं ६-७), तेही कैदेत असताना. म्हणून मला ते पटतं. केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली गेली. तब्येत खचलेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. १९२२ मध्ये त्याही गेल्या.

झोप लागत नसेल तर बायबलमधलं १३वं स्तोत्र मोठ्याने वाचा. ‘किती वेळ विसरणार मला?’ असं त्यात चक्क देवालाच धारेवर धरलंय. भांडून केलेली प्रार्थनाही चालते! चर्चच्या पाळकांना (धर्मगुरूंना) फोन करा, एकट्याने कुढू नका. औषधं अर्थातच चालू ठेवा.